फाइल वाटेत बिघडत नाही: एचटीटीपीएसवरचं डाउनलोड अडलं की कुठे बघायचं

पान नीट उघडतं. लॉगिन होतं, यादी दिसते, ॲड्रेस बारमध्ये सुरक्षित जोडणीची खूणही असते. पण 'डाउनलोड'वर क्लिक केलं की एक तर काहीच होत नाही, नाहीतर फाइल उतरते आणि एक्सेल ती उघडायला नकार देतं. मग ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "साइट एचटीटीपीएसवर नेली तेव्हापासून डाउनलोड बिघडलंय." यातली वेळ बरोबर असू शकते, पण निदान बहुतेकदा चुकलेलं असतं. निदान चुकलं की उपायही भलताच होतो. कुणी सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, तपासणी बंद करून टाकतं, कुणी तेवढ्या फाइलपुरती साधी एचटीटीपी लिंक देऊन मोकळं होतं. हे दोन्ही उपाय मूळ दुखण्यापेक्षा घातक आहेत आणि त्यांची गरज जवळपास कधीच नसते.

एचटीटीपीएस म्हणजे नेहमीचंच एचटीटीपी, फक्त टीएलएस नावाच्या थरातून जाणारं. हा थर तीन गोष्टींची हमी देतो. समोरचा सर्व्हर खरोखर त्याच नावाचा आहे, मधल्या कुणाला मजकूर वाचता येत नाही, आणि मधल्या कुणाला त्यात फेरफार करता येत नाही. डाउनलोडसाठी ही तिसरी हमी सगळ्यात महत्त्वाची. फाइल पाठवताना तिचे जास्तीत जास्त १६,३८४ बाइटचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळणीची खूण जाते. तुकड्यातला एखादा बिट जरी बदलला तरी खूण जुळत नाही आणि ब्राउझर ती जोडणीच तोडतो. बदललेला तुकडा तो तुमच्या फाइलमध्ये लिहीतच नाही.

म्हणून फाइल 'करप्ट' आली की नेटवर्ककडे बोट दाखवण्याआधी थांबा. एचटीटीपीएसवरून येणारी फाइल वाटेत तुटू शकते, पण वाटेत बिघडत नाही. ती बिघडलेली असेल तर एनक्रिप्ट होण्याआधी सर्व्हरच्या बाजूला बिघडली, किंवा उलगडल्यानंतर तुमच्या बाजूला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कंपनीचा प्रॉक्सी (ऑफिसातली वाहतूक ज्यातून जाते तो मधला सर्व्हर), एचटीटीपीएस तपासणारा अँटिव्हायरस, साइटच्या पुढे लावलेलं सीडीएन (साइटच्या फाइली जवळून देणारं सर्व्हरचं जाळं), या सगळ्यांकडे एनक्रिप्शन उलगडून पुन्हा बांधलं जातं. त्यामुळे हेही वाटेतले नव्हेत, त्या त्या टप्प्याची टोकं आहेत.

आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी हीच. समजा, विक्रीच्या अहवालाची एक्सेल फाइल एरवी दोन-तीन एमबीची असते, आज ती ७ केबीची उतरली आणि उघडत नाही. तिच्यावर राइट क्लिक करा आणि नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत कोनी कंसात 'डॉकटाइप एचटीएमएल' दिसलं, तर ती एक्सेल फाइल नाहीच. आणखी थोडं खाली गेलात की 'युजरनेम', 'पासवर्ड' हे शब्द सापडतील. तुम्ही अहवालाच्या नावाखाली लॉगिनचं पान सेव्ह केलंय.

हे घडतं कसं? तुमचं सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपलेलं असतं, पण आधी उघडलेलं पान पडद्यावर तसंच असतं. तुम्ही लिंक दाबता. सर्व्हर पाहतो की लॉगिन नाही, आणि ३०२ म्हणजे 'दुसरीकडे जा' असं उत्तर देऊन लॉगिनच्या पानाकडे पाठवतो. ब्राउझर मुकाट्याने तिकडे जातो. ते पान २०० म्हणजे 'सगळं ठीक' असं उत्तर देतं. लिंकमध्येच फाइलचं नाव लिहून ठेवलं असेल, तर ब्राउझर आलेला मजकूर त्या नावाने ठेवून देतो. ब्राउझरच्या लेखी डाउनलोड यशस्वी झालेलं असतं.

सेशन जिवंत असूनही असंच होत असेल तर कुकीकडे वळायचं. कुकी म्हणजे तुमच्या लॉगिनची ओळख ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद. पान एका होस्टवर (सर्व्हरच्या नावावर) आणि फाइल त्याच कंपनीच्या दुसऱ्या उपडोमेनवर असेल, तर पहिल्या होस्टपुरती दिलेली कुकी दुसऱ्याकडे जात नाही. ॲप दुसऱ्या साइटच्या चौकटीत बसवलेलं असेल तर आणखी एक अडथळा येतो. फेब्रुवारी २०२० मधल्या क्रोम ८० पासून 'सेमसाइट'चा (कुकी दुसऱ्या साइटवरून पाठवायची का, हे सांगणाऱ्या सूचनेचा) उल्लेख नसलेली कुकी 'लॅक्स' धरली जाऊ लागली, म्हणजे अशा परक्या चौकटीतून ती पाठवली जात नाही. ती पाठवायची असेल तर 'सेमसाइट नन' लिहावं लागतं, आणि त्याबरोबर 'सिक्युअर' (फक्त एचटीटीपीएसवर पाठवा) असावंच लागतं. वेगळा डाउनलोड मॅनेजर वापरणाऱ्यांचीही हीच गत होते. लिंक त्याच्याकडे जाते, कुकी ब्राउझरमध्ये राहते.

नोटपॅडमधली पहिली अक्षरं आणखीही बरंच सांगतात. खरी एक्सएलएसएक्स, डॉकएक्स किंवा झिप फाइल 'पी' आणि 'के' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. झिपचा स्वरूप-आराखडा बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या तीन अक्षरांनी सुरू होते. त्यांच्या आधी काही आलं असेल, समजा पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची 'वॉर्निंग' अशी ओळ किंवा एखादी रिकामी ओळ, तर सर्व्हरवरच्या प्रोग्रामने फाइलच्या आधी नको ते पाठवलंय. कधी तर काहीच दिसत नाही, पण सुरुवातीला तीन अदृश्य बाइट असतात. सर्व्हरवरची एखादी कोड फाइल 'बीओएम'सह, म्हणजे यूटीएफ-८ या अक्षरसंकेताच्या सुरुवातीच्या खुणेसह, सेव्ह झाली की हे होतं. अशा वेळी पीडीएफ उघडते आणि एक्सेल फाइल उघडत नाही, हे कोडं अनेकांना पडतं. पीडीएफ वाचणारे बरेच प्रोग्राम ती सुरुवातीची खूण पहिल्या १,०२४ बाइटमध्ये कुठेही चालवून घेतात. एक्सेल इतकं उदार नाही.

याच घरातला आणखी एक बिघाड ओळखीचा करून घेण्यासारखा आहे. पीडीएफ उघडते, पानांची संख्या बरोबर, पण सगळी पानं कोरी. आणि फाइलचा आकार मूळ फाइलपेक्षा मोठा! आकार वाढला हाच पुरावा. पानावरच्या जावास्क्रिप्टने फाइल बायनरी म्हणून न घेता मजकूर म्हणून वाचली. यूटीएफ-८ मध्ये न बसणाऱ्या प्रत्येक बाइटच्या जागी तिने 'हे अक्षर कळलं नाही' अशी तीन बाइटची खूण घातली. पीडीएफचा सांगाडा साध्या अक्षरांत असतो म्हणून पानं मोजता येतात, पण पानांवरचा मजकूर बायनरी असतो, तो गेला. उपाय एका ओळीचा आहे. ॲक्सिऑस ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरत असाल तर रिस्पॉन्सचा प्रकार 'ब्लॉब' (बायनरी डेटा) असा सांगायचा.

इंटरनेट एक्सप्लोररचा जुना किस्सा

"एचटीटीपीवर चालतं, एचटीटीपीएसवर नाही" ही तक्रार जगभर पसरली ती मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरमुळे. ते प्रकरण तपशिलात समजून घ्यावं असं आहे, कारण दोष कुठे दिसतो आणि कुठे असतो यातलं अंतर त्यात अगदी स्पष्ट होतं.

इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत सुरक्षित जोडणीवरून वर्ड किंवा पीडीएफ फाइल उघडायला गेलं की संदेश यायचा, की ही साइट उघडता आली नाही, ती उपलब्ध नाही किंवा सापडत नाही. खरं तर साइट समोरच उघडी असायची. फाइलही पूर्ण उतरलेली असायची. मग अडायचं कुठे?

सर्व्हर फाइलबरोबर काही सूचना पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. त्यांपैकी 'प्राग्मा: नो-कॅश' किंवा 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर' यांचा अर्थ, ही प्रत साठवून ठेवू नका. इंटरनेट एक्सप्लोरर सुरक्षित जोडणीवर ही सूचना फार कडकपणे पाळायचा. फाइल उतरवून तो तात्पुरत्या जागेत ठेवायचा, सूचना वाचून ती पुसायचा आणि मग वर्डला सांगायचा, फाइल त्या जागेवर आहे, उघड. वर्डला तिथे काहीच सापडायचं नाही. साध्या एचटीटीपीवर तेच 'नो-कॅश' हेडर असूनही काम व्हायचं, म्हणून सगळ्यांनी एचटीटीपीएसलाच आरोपी ठरवलं.

यात भर अशी, की अनेक प्रोग्रामरनी ही हेडर स्वतः लिहिलेलीच नव्हती. पीएचपीमध्ये सेशन सुरू केलं की ती आपोआप जातात. त्यांच्यासोबत 'एक्स्पायर्स' हेडरमध्ये १९ नोव्हेंबर १९८१, सकाळी ८ वाजून ५२ मिनिटं अशी तारीख असते, म्हणजे ही प्रत केव्हाच शिळी झाली आहे असं सांगायची सोय. जावाच्या टॉमकॅट सर्व्हरनेही लॉगिनमागच्या पानांना अशीच हेडर जोडायचा प्रघात ठेवला होता. लॉगिन असलेलं प्रत्येक ॲप म्हणूनच या खड्ड्यात पडायचं. उपाय होता तो फक्त फाइलच्या उत्तरापुरतं हेडर बदलून 'कॅश-कंट्रोल: प्रायव्हेट' करण्याचा. सर्टिफिकेट किंवा टीएलएस यांना हात लावायची गरजच नव्हती.

२०११ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने हे वागणं बदललं, आणि १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरचा इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला. पण जुन्या ॲपच्या कोडमध्ये त्या काळचे तोडगे अजून पडून आहेत. आज बँकेचं स्टेटमेंट किंवा वैद्यकीय रिपोर्ट देणाऱ्या ॲपने 'नो-स्टोअर' पाठवणंच योग्य आहे. पण तिथे एखाद्या जुन्या तोडग्यामुळे 'कॅश-कंट्रोल: पब्लिक' जात असेल, तर खासगी कागद मधल्या कॅशमध्ये साठायची शक्यता उरते. असं दिसलं तर ते काढायलाच हवं. सुरक्षित जोडणीने मिळवलेली गोपनीयता एका विसरलेल्या ओळीने घालवणं मला अजिबात पटत नाही.

क्लिक केलं आणि काहीच झालं नाही

आजच्या काळात या लक्षणामागे एक कारण वारंवार निघतं. पान एचटीटीपीएसवर, पण त्यातली फाइलची लिंक साध्या एचटीटीपीची. क्रोमने अशा डाउनलोडना २०२० पासून टप्प्याटप्प्याने आधी इशारा देणं आणि मग अडवणं सुरू केलं. अडवणं बरोबरच आहे. वर सांगितलेली पडताळणी साध्या जोडणीवर नसते, तिथे फाइल वाटेत खरंच बदलता येते.

प्रोग्रामर शपथेवर सांगतो की मी एचटीटीपी कुठे लिहिलंच नाही, आणि तो खरं बोलत असतो. ॲपच्या पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा टप्पा, असतो. एनक्रिप्शन त्याच्यापाशी उलगडतं आणि तिथून ॲपपर्यंत साधं एचटीटीपी जातं. ॲपला वाटतं, आपल्याकडे सगळे एचटीटीपीनेच येतात. मग ते पूर्ण पत्त्याची लिंक बनवताना किंवा दुसऱ्या पानाकडे पाठवताना एचटीटीपीच लिहितं. लोड बॅलन्सरने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' या हेडरमध्ये मूळ जोडणी एचटीटीपीएस होती हे सांगायचं आणि ॲपने त्यावर विश्वास ठेवायचा, अशी दोन्ही बाजूंची सेटिंग लागते. एकच बाजू केली तर काम होत नाही, आणि अर्धवट सोडलेली हीच सेटिंग बहुतेक ठिकाणी सापडते.

हे पाहायला एफ१२ दाबा, 'नेटवर्क' टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा आणि मग डाउनलोड दाबा. फाइलच्या रिक्वेस्टमध्ये पत्ता कशाने सुरू होतो, उत्तराचा आकडा काय आणि हेडर कोणती, हे तिन्ही तिथे दिसतं. रिक्वेस्ट अडवली असेल तर कारण शेजारच्या 'कन्सोल'मध्ये लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. ते इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. "एरर आला" एवढं सांगून पुढच्या माणसाला काहीही कळत नाही.

अर्ध्यावर तुटणारी फाइल

तुटण्याचं निदान घड्याळ आणि आकार पाहून होतं. दर वेळी बरोबर एका मिनिटाने ५०४ ('मागच्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही') येत असेल, तर कुणाच्या तरी टाइमआउटची, म्हणजे वाट पाहण्याच्या मर्यादेची, सीमा लागतेय. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मागच्या ॲपकडून वाचण्याची मूळ मर्यादा ६० सेकंद आहे, ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचीही तेवढीच. ही मर्यादा पूर्ण डाउनलोडवर नसते, दोन वाचनांमधल्या शांततेवर असते. अहवाल तयार व्हायला दीड मिनिट लागतं आणि तोवर एकही बाइट पाठवला जात नाही, म्हणून जोडणी कापली जाते. आकडा ३०० करून वेळ मारून नेता येते, पण डेटा वाढत गेला की तोही पुरत नाही. अहवाल मागे तयार होऊ द्यायचा आणि झाला की लिंक द्यायची, हे खरं काम.

फाइल एक जीबीच्या थोडं पुढे जाऊन तुटत असेल, आणि तीही घरच्या संथ इंटरनेटवर, ऑफिसात नाही, तर एनजिनएक्सच्या तात्पुरत्या फाइलची मर्यादा बघा. ग्राहक हळू घेत असेल तेव्हा एनजिनएक्स ॲपकडून आलेला डेटा डिस्कवर साठवत राहतो, पण मूळ सेटिंगमध्ये १,०२४ एमबीपर्यंतच. तिथे पोचला की तो ॲपकडून वाचायचं थांबवतो. ताटकळलेलं ॲप आपल्या टाइमआउटनुसार जोडणी सोडून देतं. वेगवान जोडणीवर साठा कधी तेवढा होतच नाही, म्हणून तपासणाऱ्याच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतं.

उत्तरात 'कंटेंट-लेंग्थ' असेल तर फाइल कमी आली हे ब्राउझरला कळतं आणि तो 'नेटवर्क एरर' दाखवतो. लांबी कुठेच सांगितलेली नसेल आणि जोडणी बंद होणं हीच समाप्तीची खूण असेल, तर तुटलेली फाइलही पूर्ण झाली असं धरलं जाऊ शकतं. मोठ्या फाइलबरोबर लांबी पाठवाच. तुटलेलं डाउनलोड पुढे सुरू व्हावं असं वाटत असेल, तर सर्व्हरला रेंज रिक्वेस्टला (फाइलचा ठरावीक भाग मागणाऱ्या रिक्वेस्टला) २०६ म्हणजे 'हा घ्या तेवढाच भाग' असं उत्तर देता आलं पाहिजे. शिवाय लोड बॅलन्सरमागच्या सगळ्या सर्व्हरनी त्याच फाइलला एकच 'ई-टॅग' (फाइलच्या आवृत्तीची ओळखखूण) द्यायला हवा. टॅग वेगळा दिसला की ब्राउझर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

मराठी नावाची फाइल

आपल्याकडची ॲप बनवणाऱ्यांनी याकडे खास लक्ष द्यावं. फाइलचं नाव 'कंटेंट-डिस्पोझिशन' हेडरमधून जातं, आणि हेडरची जुनी समजूत युरोपीय अक्षरांपुरती होती. 'अहवाल' हे नाव तसंच घुसवलं, तर उतरलेल्या फाइलच्या नावात वर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसतो. कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा एकच. जून २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकाने रस्ता घालून दिलाय. साध्या 'फाइलनेम'मध्ये इंग्रजी पर्याय द्या आणि 'फाइलनेम' शब्दापुढे तारका लावलेल्या दुसऱ्या भागात मराठी नाव टक्केचिन्हांच्या रूपात द्या. तेव्हा 'अहवाल'ची पाच चिन्हं पंचेचाळीस अक्षरांची होतात, ते चालतं. लिनक्सवर मात्र नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, काने-मात्रे धरून. योजनेचं पूर्ण नाव, तालुका, गाव आणि अर्जदार असं सगळं फाइलच्या नावात कोंबणारी ॲप इथे अडखळतात.

सर्टिफिकेटचा दोष कधी खरा असतो

कधीकधी खरंच असतो, आणि तेव्हा तो सहसा फाइलच्या वेगळ्या उपडोमेनवर असतो. मुख्य साइटचं सर्टिफिकेट मुदतीत नवं केलं, फाइलच्या सर्व्हरचं विसरलं. मुख्य पानाबाबत ब्राउझर भलामोठा इशारा देतो, पण पानाआडून जावास्क्रिप्टने केलेली रिक्वेस्ट नुसतीच अपयशी होते. पुढे हे वाढणार आहे. सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी ठरली आहे. नूतनीकरण हाताने करणाऱ्यांनी ते आत्ताच स्वयंचलित करावं.

एकाच मशीनवर सगळ्या साइटना तारखेचा एरर येत असेल तर मशीनचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की जुने पीसी काही वर्षं मागे जातात.

ब्राउझरमध्ये उतरते, पण जावा, पायथन किंवा कर्लने (कमांड देऊन फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामने) उतरत नाही, असं असेल तर सर्व्हर मधलं सर्टिफिकेट, म्हणजे साइटच्या सर्टिफिकेटला विश्वासू मूळ संस्थेशी जोडणारा दुवा, पाठवत नाही असा पहिला संशय घ्यावा. ब्राउझर ती तुटलेली साखळी स्वतःच्या बळावर जोडून घेतात, हे प्रोग्राम जोडत नाहीत. सर्व्हरवर पूर्ण साखळी बसवली की प्रश्न मिटतो. इंटरनेटवरचा "कर्लला 'के' हा पर्याय लावा" हा सल्ला मात्र ऐकू नका. त्याने ओळख पटवणंच बंद होतं, आणि समोरचा कोण हे न बघता घेतलेल्या फाइलवर टीएलएसची कोणतीही हमी उरत नाही.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर सपोर्टला नेटवर्क टॅबमधली नोंद 'हार' फाइल म्हणून पाठवता येते. त्यांच्यासाठी तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, पण तिच्यात तुमच्या लॉगिनची कुकी असू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या लॉगिन सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत शिरलेल्यांनी ग्राहकांनी दिलेल्या अशाच फाइलींमधून सेशनचे टोकन उचलले आणि ते काही ग्राहकांविरुद्ध वापरले. हल्लीचा क्रोम संवेदनशील भाग वगळून निर्यात करायचा पर्याय आधी पुढे करतो, तोच निवडा. आणि फाइल पाठवण्याआधी ॲपमधून लॉगआउट करा, म्हणजे चुकून एखादी कुकी गेलीच तर नीट बांधलेल्या ॲपच्या सर्व्हरवर ती तोवर रद्द झालेली असेल.